दोरीच्या अलीकडे

प्रणीत ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभा होता. हातातल्या फोनकडे बघता बघता तो म्हणाला, "बरं झालं." आपण हे तोंडाने बोललो, हे त्याला मागून आशयने "काय बरं झालं?" असं विचारलं तेव्हा कळलं. आशय त्याच्याच टीममधला, ठाण्याचा. केवढ्याही गोंगाटातून मराठी शब्द तेवढा अचूक उचलणारा. "काही नाही," प्रणीत म्हणाला आणि त्याने फोन पालथा करून ट्रेवर ठेवला. "आज बायकोची टूर्नामेंट आहे ना रे? चांगली चाललीय का?" प्रणीतने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्याचं त्यालाच ठरवता आलं नाही.

पालथ्या फोनवर चेन्नईच्या स्पर्धेचं धावतं गुणपत्रक उघडं होतं. संहिता, त्याची बायको, बायकांच्या व्यावसायिक गोल्फच्या डेव्हलपमेंट टूरवर खेळत होती. म्हणजे मोठ्या टूरच्या खालची पायरी. वर्षभर गावोगाव खेळून शेवटी पहिल्या पाचांत आलं, की पुढच्या वर्षी परदेशातल्या स्पर्धांचं दार उघडायचं. प्रत्येक स्पर्धा तीन दिवसांची, आणि दोन दिवसांनंतर एक रेघ मारली जायची, तिला कट म्हणायचे. रेघेखालच्यांनी सामान बांधायचं. अठरापैकी सोळाव्या होलपर्यंत संहिता रेघेच्या वर होती. सतराव्यावर तिचा चेंडू पाण्यात गेला असणार, कारण तिच्या नावापुढचा आकडा एकदम फुगला आणि नाव खाली घसरलं. ते बघताना प्रणीतच्या छातीत काहीतरी सैल झालं, घट्ट बूट काढल्यावर पावलाला होतं तसं. ती उद्याच घरी येणार. आणि मग ते दोन शब्द.

तो खिडकीजवळच्या टेबलावर एकटाच जाऊन बसला. खाली बेळ्ळंदूरचा रस्ता गाड्यांनी थिजून गेला होता. पलीकडे तळ्याची करडी पट्टी उन्हात निपचित पडली होती. समोरची भाजी गार होत होती. गेले दोन महिने तो प्रत्येक स्पर्धेला हे पान दर मिनिटाला ताजं करत आला होता. सासऱ्यांना फोन करून आकडे सांगत होता, आशयला बर्डी, म्हणजे ठरल्याहून एक फटका कमी, हे समजावत होता. आपण तिच्या बाजूने बघतोय याबद्दल त्याला शंकाच नव्हती. पण मग कोइमतूरला तिच्या लागोपाठ दोन बर्डी झाल्या तेव्हा पोटात जी कळ आली, ती आनंदाची होती असं आपण कशावरून धरलं? कळ तर नुसती कळ असते. तिला नाव आपण द्यायचं, आणि नाव देताना माणूस स्वतःशी फारसा खरा वागत नाही. त्याने एक घास घेतला आणि त्याला वाटलं, कॅन्टीनमधल्या सगळ्यांनी आपल्याला ऐकलं आहे. तिला जा म्हणणारा तर तोच होता.

नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी कंपनीने सगळ्यांना हौस म्हणून गोल्फ शिकायला नेलं होतं. नाशिकहून येऊन त्याला तेव्हा या शहरात बरीच वर्षं झाली होती, पण मराठी उरली होती ती फोनवर आईशी बोलण्यापुरती. शिकवणारी मुलगी इंग्रजीत आणि कन्नडात सूचना देत होती. त्याची काठी चेंडूला सोडून सगळ्याला लागत होती, आणि तो स्वतःशीच "च्यायला, हे काही जमायचं नाही" असं पुटपुटला. तशी ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "जमतं. स्वल्प सैल धरा. लाटणं धरतात तसं, मुसळ नाही." त्याला आधी ते मराठी आहे हेच कळलं नाही. तिच्या घराण्याला इथे येऊन साडेतीनशे वर्षं झाली होती. बसवनगुडीतल्या त्या घरात मराठी अजून जिवंत होती, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं होतं की चव वेगळीच झाली होती. ती वडिलांना अण्णा म्हणायची, "बरं" ऐवजी "सरी" म्हणायची, आणि वाक्याच्या शेवटी एक "की" असा काही हेलकावत सोडायची, की तो ऐकण्यासाठी प्रणीत मुद्दाम उलटसुलट प्रश्न विचारायचा. तिने हातमोजा काढला तेव्हा त्याने बघितलं, की तिचा उजवा हात उन्हाने रापून तांबूस झालाय आणि डावा, मोज्यातला, पार गोरा आहे. एकाच बाईला दोन बायकांचे हात लावावेत तसे. पुढे लग्नानंतर कितीतरी दिवस तो अंधारातही ते हात ओळखायचा. डावा मऊ होता.

तेव्हा ती स्पर्धाही खेळायची. मग तिचं मनगट गेलं. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर म्हणाले शिकवा, पण स्पर्धा आता नको. ती मुलांना शिकवायला लागली, घरी यायची, जेवण करायची, रात्री हॉलमध्ये एक स्टीलचा पेला आडवा ठेवून त्यात सावकाश चेंडू घालत बसायची. टण्. थोड्या वेळाने पुन्हा टण्. प्रणीतला त्या आवाजाशिवाय पुस्तकात लक्ष लागेना, इतकी त्याची सवय झाली. वर्षं गेली आणि तिचे दोन्ही हात हळूहळू एकाच रंगाचे झाले. त्याला वाटलं, चला, भरून आलं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तो एकदा लवकर घरी आला तेव्हा ती बाल्कनीत उभी होती. हातात काहीच नव्हतं. रिकाम्या मुठी तिने खांद्यामागे नेल्या, क्षणभर थांबली, आणि खाली आणल्या; मग मान वर करून समोरच्या इमारतींच्या पलीकडे, आभाळात कुठेतरी, न मारलेला चेंडू जाताना बघत राहिली. बराच वेळ. इतकं काही मागणारा चेहरा त्याने तिचा कधी पाहिला नव्हता. त्याच्यासाठी तर नाहीच. तो दारातच अवघडून उभा राहिला. त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "एक सीझन खेळून बघ ना. मनगट आता बरं आहे तुझं." तिने ताटातून मान वर न करता विचारलं, "एकच?" "एकच," तो म्हणाला. "सरी," ती म्हणाली. आता त्याला वाटत होतं, की आपण उदार झालो होतो ते त्या चेहऱ्याला भिऊन. एकदा खेळली, हरली, की तो चेहरा पुन्हा दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिला आणायला के. आर. पुरम स्टेशनला गेला. गोल्फच्या काठ्यांची ती लांबलचक बॅग विमानात एकदा मोडल्यापासून ती शक्यतो गाडीनेच जायची. येताना त्याने चेहऱ्यावर दुःख नीट बसवून आणलं होतं. ती डब्यातून उतरली ती हसतच. बॅग त्याच्या खांद्यावर देऊन जिना चढता चढता बोलायला लागली. सतराव्यावर वारा कसा उलटा फिरला, तिने कुठली काठी घेतली, कुठली घ्यायला हवी होती. "मला कळत होतं रे, की चूक होतेय. पण हातच ऐकेनात. किती वर्षांनी असा घाम फुटला मला, माहितेय?" पाण्यात गेलेल्या चेंडूबद्दल ती अशी बोलत होती, जणू तो कुणी ओळखीचाच होता आणि फार दिवसांनी भेटला होता. प्रणीत म्हणाला, "वाईट वाटलं गं मला." ती थांबली. "वाईट?" तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं, मग म्हणाली, "भूक लागलीय." ती चार दिवस घरी होती. त्या चार दिवसांत टण् आवाज आला नाही. ती रोज सकाळी उठून मैदानावर जायची आणि संध्याकाळी दमून येऊन लवकर झोपायची. तो तिच्याजवळ पडून तिचा श्वास ऐकायचा. घरी असूनही ती घरी नव्हती, आणि हे कुणाला सांगावं असं त्याला या शहरात माणूस नव्हतं.

एप्रिल-मेपासून ती बरी खेळू लागली. हैदराबादला सातवी, कोलकात्याला चौथी. तिचे फोन आखूड झाले. "कशी आहेस?" "सरी आहे. झोपते आता." मागून कुणीतरी खिदळलेलं ऐकू यायचं, ती शाल्मली, तिची खोलीतली सोबतीण, तिच्याहून तेरा वर्षांनी लहान, संहिताला अक्का म्हणणारी. प्रणीत रविवारी बसवनगुडीला सासरी जेवायला जायला लागला. एकट्याने जेवायचा कंटाळा हे एक, पण खरं म्हणजे तिथे ती भाषा होती. सासूबाई, वसुमती, पानावर बसवून आग्रह करायच्या, "प्रणीतराव, हुळी आणखी स्वल्प घ्या की," आणि त्या एका "की"साठी तो पोट भरलेलं असताना आमटी वाढून घ्यायचा. सासरे शेषगिरी एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. कारखान्याच्या वसाहतीतल्या नऊ होलच्या मैदानावर त्यांनीच लहान संहिताला पहिल्यांदा नेलं होतं. एका रविवारी वसुमती ताक ओतता ओतता म्हणाल्या, "मी रोज सकाळी देवाला सांगते, पोरगीला जिंकू दे. मग संध्याकाळी दिवा लावताना वाटतं, अय्यो, जिंकली तर लांब जाईल की. मग परत सांगते, जिंकू दे, पण स्वल्प कमी." शेषगिरी मिशीत हसले. "देवाला असं अर्धवट सांगू नये. काय पाहिजे ते एक सांगावं." आणि जावयाकडे वळून म्हणाले, "काय हो?" प्रणीतने ताकाची वाटी तोंडाला लावली. केवढ्या सहज बोलल्या त्या! आईने बोललं की ती माया होते. नवऱ्याने बोललं की तिला काय म्हणायचं?

सप्टेंबरात म्हैसूरला स्पर्धा होती, तेव्हा तो तिला न कळवता निघाला. तिला चकित करायचं, मग दोघांनी कुठेतरी जेवायचं, असं त्याने गाडीत ठरवलं होतं. मैदानावर बघणारं कुणीच नव्हतं. या टूरला प्रेक्षक नसतातच, खेळणाऱ्या तिघी, त्यांच्या काठ्या वाहणारे कॅडी, आणि गवतावर उतरलेले बगळे. एका मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली तो उभा राहिला आणि लांबून ती येताना दिसली. आधी त्याने तिला ओळखलं नाही. घरात ती किंचित खांदे पाडून चालायची, पायाखाली काही मोडेल की काय अशी. इथे ती लांब ढांगा टाकत येत होती, एक हात मोकळा झुलत. चेंडूपाशी पोचून तिने कॅडीला काहीतरी विचारलं, काठी घेतली, आणि मारायच्या आधी मान वर करून दूरवर बघितलं. बाल्कनीतला तोच चेहरा. पण इथे त्या चेहऱ्यासमोर खरोखरचं मैदान होतं, खरोखरचं आभाळ, त्यामुळे तो केविलवाणा दिसत नव्हता. भुकेल्या माणसासमोर ताट यावं तसा शांत दिसत होता. तिने मारलं. चेंडू बराच वेळ वर राहिला. प्रणीतला कुणाचा तरी हेवा वाटला, पण ज्याचा वाटावा असं माणूस तिथे नव्हतं. तो मागच्या मागे वळला, गाडीत येऊन बसला आणि मंड्याच्या पुढे येईपर्यंत त्याने गाणीसुद्धा लावली नाहीत. रात्री तिचा फोन आला. "काय केलंस आज?" "काही नाही, ऑफिस." हे खोटं त्याला फार जड गेलं नाही. जड गेलं ते हे, की तिच्या जवळ जावंसं इतकं कधीच वाटलं नव्हतं आणि नेमकं तेव्हाच आपण जाऊ शकलो नाही.

वर्षाची शेवटची स्पर्धा डिसेंबरात बेंगळुरूलाच होती. तोवर संहिता वर्षाच्या गुणतालिकेत सहावी आली होती. शेवटच्या दिवशी सकाळी हवेत गारठा होता, ऊन स्वच्छ होतं. प्रणीत, शेषगिरी आणि वसुमती असे तिघे तिच्यामागून चालत होते. वसुमतींनी साडीवर स्वेटर आणि पायात जावयाचे जुने स्पोर्ट्‌स बूट घातले होते. शेवटच्या होलच्या कडेने घरच्या मंडळींसाठी दोरी बांधली होती, तिच्या अलीकडे उभं राहायचं. शाल्मलीने, जी आधीच खेळून आली होती, येऊन दबक्या आवाजात सांगितलं, "अक्काने इथे पार केला, म्हणजे पाच फटक्यांत खेळ संपवला, की ती पाचवी. एक जरी जास्त गेला तरी नाही." शेषगिरींनी डोळे मिटून घेतले. संहिताने पहिला फटका मारला, आणि मारताक्षणीच काठीवरचा एक हात सोडून दिला. चेंडू उजवीकडे वळला, वळत राहिला, दोरीवरून, माणसांच्या डोक्यावरून, झाडांच्या रांगेत शिरला. फांदीवर आपटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

नियम असा, की शोधायला तीन मिनिटं. तेवढ्यात सापडला नाही तर चेंडू हरवला असं धरायचं, दंड घेऊन पुन्हा पहिल्यापासून मारायचं, आणि मग पाच फटक्यांत संपवणं जवळजवळ अशक्य. सगळे घाणेरीच्या झुडपांत शिरले. कॅडी, दुसऱ्या दोघी खेळाडू, शाल्मली. पंच घड्याळाकडे बघत उभा राहिला. प्रणीत दोरीच्या अलीकडे, जरा मागे, एका सिल्व्हर ओकपाशी होता. त्याने खाली बघितलं आणि त्याला चेंडू दिसला. दोन मुळांच्या बेचक्यात, वाळक्या पानांवर, अगदी मारता येईल असा पडलेला, तिने ओळखीसाठी काढलेली निळी रेघ वर. त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर. त्याचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तो वर बघायला लागला. ओकच्या पानांची मागची बाजू रुपेरी दिसत होती, वाऱ्याने सगळं झाड एकदम उलटून पांढरं व्हायचं आणि पुन्हा हिरवं. किती सोपं होतं. काही करायचंच नव्हतं. आणखी एखादं मिनिट गप्प राहायचं, एवढंच, आणि पुढच्या वर्षी ती रोज संध्याकाळी घरी. कुणाला कळणार नव्हतं. तिच्या उशीवर तिचंच डोकं असेल. त्याला ते अगदी स्वच्छ दिसलं. आणि मग त्या चित्रातली बाई मान वर करून, रिकाम्या मुठी खांद्यामागे नेऊन, इमारतींच्या पलीकडे बघायला लागली.

"संहिता!" तो ओरडला. आवाज फाटला. "इथे! इथे आहे!"

ती झुडपांतून बाहेर आली. पंचाने घड्याळावरून मान वर केली आणि ठीक आहे अशी खूण केली. संहिताने वाकून निळी रेघ बघितली, "माझाच," असं म्हणाली. प्रणीतकडे तिने बघितलं नाही. दोन झाडांच्या मधून, आखूड काठीने, तिने चेंडू सरळ गवतावर काढला. मग एक लांब फटका, मग एक छोटा, आणि शेवटी चार-पाच हातांवरून तिने तो खळग्यात घातला. शाल्मली किंचाळत धावली. शेषगिरी उभ्या उभ्या रडायला लागले आणि वसुमती त्यांना "पुरे की, लोक बघतात" असं म्हणत स्वतःच पदराने डोळे पुसू लागल्या. प्रणीतने टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या.

सासू-सासऱ्यांना बसवनगुडीला सोडून ते दोघं घराकडे निघाले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि रिंगरोड नेहमीसारखा तुंबला होता. पुढच्या बसचे लाल दिवे पेटत होते, विझत होते. संहिताने बूट काढून पाय वर घेतले होते. 

"तुला तो आधीच दिसला होता," ती म्हणाली.

"काय?"

"बॉल. तू खाली बघितलंस आणि मग झाडाच्या शेंड्याकडे बघायला लागलास. हरवलेली वस्तू शोधणारा माणूस वर बघत नाही."

एक मोटारसायकल आरशाला घासून पुढे गेली. प्रणीत म्हणाला, "हो. दिसला होता." आणि मग, वर्षभर जे वाक्य त्याने कुणालाच म्हटलं नव्हतं ते अगदी साधं होऊन बाहेर आलं, "मला तू घरी हवी होतीस."

"माहितेय."

"पण तुला कळलं होतं, तर तू तिकडे आली का नाहीस? मी हाक मारली तेव्हा तू तर पाठ फिरवून उलट दिशेला निघाली होतीस. मी बघितलं ना."

ती काचेतून बाहेर बघत राहिली. "मी फार दमले होते रे. त्या काट्यांत वाकले आणि वाटलं, आता नाही सापडला तर बरं. माझ्या हातून काही सुटलं असं व्हायला नको, आपोआपच संपलं तर संपलं. मग तुझा चेहरा दिसला. मला वाटलं, सरी, हाच ठरवू दे."

"माझ्यावर टाकलंस."

"टाकलं की."

त्याला राग आला; खरा, गरम, कित्येक महिन्यांत न आलेला. त्याने स्टिअरिंगवर हात आपटला, हॉर्न वाजला, पुढच्या बसमधल्या एका म्हातारीने वळून बघितलं. "आणि मी हाक मारली नसती तर?"

संहिताने विचार केला. खरंच केला, हे त्याला कळलं, कारण विचार करताना ती खालचा ओठ दातांत धरायची. "तर घरी आले असते. सुखात राहिले असते. आणि तुला रोज स्वल्प स्वल्प माफ करत बसले असते."

 तिचा तो हेल, तो "स्वल्प", कानात शिरला आणि राग होता तिथेच राहिला, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कधी निघायचं?" "फेब्रुवारीत. आधी थायलंड." "बरं." "येशील एखाद्या वेळी बघायला?" "येईन," तो म्हणाला. "आणि भेटेन." ती हे शेवटचं ऐकायला जागी नव्हती. तिचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं, कपाळावर झुडपाचा एक ओरखडा होता आणि केसांत घाणेरीचं वाळकं पान. पुलाच्या पलीकडे पुढची बस डावीकडे वळली आणि एकाएकी रस्ता रिकामा झाला. इतका मोकळा रिंगरोड प्रणीतने वर्षात बघितला नव्हता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. त्याने काच वर केली, गाडी डावीकडच्या कडेला घेतली आणि तो सावकाश, अगदी सावकाश चालवत राहिला. एकेक जण बाजूने त्याला शिव्या देत पुढे निघून जात होता.